नूतनच्या ताटातलं वांगं

असोद्यात कुणाला ताप भरला तर लोक विचारतात, "दवाखान्यात गेल्ता का?" कुणी घसरून पडलं तर विचारतात, "लागलं का जास्ती?" पण लीलाधरभाऊंच्या बायकोचे, नूतनचे हात सुजले की साऱ्या गल्लीला एकच प्रश्न सुचतो, "काल काय खाल्लं व्हतं?"

विचारायची तऱ्हा अशी, की फौजदारानं मुद्देमालासकट चोर धरावा. नजर आधी तिच्या बोटांवर, मग ओट्यावरच्या भांड्यांवर. तिथं वांग्याचं देठ दिसलं की खटला तिथंच निकाली.

नूतन बावन्न वर्षांची. तिला आहे तो सांधेदुखीचा प्रकार म्हातारपणाचा नव्हे. शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते, आपल्याच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर चालून जाते, असं जळगावच्या डॉक्टर अर्शींनी सहा वर्षांपूर्वी तिला समजावून सांगितलं होतं. लीलाधरभाऊंना ते समजायला दोन फेऱ्या लागल्या. नूतनला लगेच समजलं. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसावर चालून जाणं हे तिनं सासरी अठ्ठावीस वर्षं पाहिलं होतं.

तर त्या सहा वर्षांत तिच्या ताटाचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे.

पहिली बंदी सासूनं घातली. धुरपदाबाईंचं वय ब्याऐंशी, दात अकरा आणि मत एकच, वांगं वातूळ. मग नवऱ्यानं केळी बंद केली, कारण केळं थंड. ज्या माणसाच्या मळ्यात केळीची चार हजार खोडं उभी, त्याच्या बायकोला केळ्याकडे नुसतं बघायची परवानगी! शेजारच्या भिकुबाईंनी दही आणि ताक काढून घेतलं. आंबटानं म्हणे सांधे धरतात. कुणीतरी उडीद काढला. उडदाबरोबर कळण्याची भाकरी गेली, कारण कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. खानदेशातल्या बाईच्या ताटातून भरीत आणि कळण्याची भाकरी काढून घेतली तर मागं उरतं काय? ताट उरतं.

शेवटचा घाव धुळ्याहून आला. लीलाधरभाऊंची थोरली बहीण दिपमाला तीस वर्षांपूर्वी धुळ्याला दिली. बाई मनानं वाईट नाही. पण तिला दोन गोष्टींचा सोस. एक, माहेरी आली की मुद्दाम धुळ्याकडचं बोलायचं, जणू असोदा हा परमुलूख. दुसरी, मोबाइलवर आलेला आरोग्याचा प्रत्येक व्हिडिओ नूतनला पाठवायचा. 'निरोगी परिवार' नावाचा तिचा ग्रुप आहे, त्यात एकशे चौदा माणसं, आणि त्यातलं एकही निरोगी नाही.

"नूतन, मी सांगस ते ऐक," ती फोनवर म्हणाली. "वांगं, टमाटा, मिरची, बटाटा, बठ्ठं एकाच खानदानचं शे. त्यानंच सूज येते. बठ्ठं सोडी दे."

"मंग मी खाऊ काय, अक्का?"

"गिलकं खा. गिलकं निर्मळ शे."

नूतननं दीड वर्ष गिलकी, म्हणजे घोसाळी, खाल्ली. सकाळी गिलकं, संध्याकाळी गिलकं, सणाला मुगाच्या वरणासोबत गिलकं. नऊ किलो वजन उतरलं. चुडा कोपरापर्यंत जायला लागला. रक्त इतकं कमी झालं की जिना चढताना मध्येच बसावं लागे. आणि सूज? ती येत होती तेव्हा येतच होती. पण आली की कुणी असं म्हटलं नाही, की अरे, हिनं एवढं सगळं सोडलं तरी सूज आली, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणायचे एवढंच, "चोरून खाल्लं असंल."

इथवर नूतननं ऐकून घेतलं. पण मागच्या पावसाळ्यात जे झालं ते ती विसरणार नाही, आणि विसरूही नये.

दिपमालाअक्कांच्या ग्रुपवर कुणा महाराजांचा व्हिडिओ आला. पथ्य कडक पाळलं तर गोळी लागत नाही, उलट गोळीनंच रोग आत दडून बसतो. डॉक्टर अर्शींनी दिलेली गोळी आठवड्यातून एकदाच, दर रविवारी घ्यायची होती. अक्कांनी धुळ्याहून फोन करकरून तीन महिने ती बंद पाडली. लीलाधरभाऊ म्हणाले, "अक्का म्हणते त बघून घेऊ." बघून घेऊ! हात बायकोचे, आणि बघून घेणार हे.

तीन महिन्यांनी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलं ते वाकलंच. पुढं गोळी सुरू झाली, सूज उतरली, पण ती दोन बोटं सरळ झाली नाहीत, नीट मिटतही नाहीत. अक्का बघायला आल्या. नूतनचा हात हातात घेऊन त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "काय खाल्लं व्हतं वं?"

 त्या दिवशी नूतननं चहाची कपबशी अशी आपटली, की धुरपदाबाईंना आपल्या अकरा दातांतला एखादा पडला की काय असं वाटलं.

दसरा झाल्यावर ती एकटीच जळगावला डॉक्टर अर्शींकडे गेली. एकटी, कारण लीलाधरभाऊ सोबत आले की उत्तरं तेच देतात. डॉक्टरीण वयानं मुलीसारखी, बोलायला मऊ. तिनं रक्ताचा कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काकू, तुम्ही जेवता तरी काय?"

"गिलकं."

"आणखी?"

नूतननं बंद झालेल्या जिनसांची नावं सांगितली. डॉक्टरीण आधी हसली, मग हसू आवरलं, मग तिलाच राग आला.

"हे बघा, खाण्याचा सुजेशी काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तळलेलं, गोड, पाकिटातलं कमी केलं, पालेभाज्या, डाळी, जवस असं खाल्लं, तर काही जणांना थोडा आराम वाटतो. थोडा. आणि तोही गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. वांगं, टमाटा, मिरची एका कुळातली हे खरं. काहींना ती सोसत नाहीत. पण सगळ्यांनाच बाधतात असं कुठं सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला बाधतात हे कुणी ठरवलं?"

"समद्यांनी."

"कशावरून?"

"चार वर्षं झाली, हिवाळ्यात घरी भरताची पार्टी व्हते. दुसऱ्या दिवशी हात सुजून हे असे व्हतात. दरसाल. एक साल चुकलं नही."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "भरीत तुम्ही खाता, की करता?"

नूतनला प्रश्नच कळेना. "दोन्ही. म्हंजे, करते मी. मंग समद्यांचं झालं की बंदी असून बी उरलेले दोन घास खाते."

"किती माणसांचं करता?"

"अक्काची धुळ्याची मंडळी येते. पन्नास-साठ."

पन्नास-साठ माणसांचं भरीत म्हणजे तीस किलो वांगी. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती भाजायची, गरम गरम असतानाच सोलायची, आणि लाकडाच्या बडगीत घालून मुसळानं ठेचायची. काही घरांत हे ठेचायचं काम गडीमाणसं करतात. या घरात नाही. पुरुषाच्या हातचं भरीत कोरडं होतं, असं धुरपदाबाईंचं मत. (हे त्यांचं दुसरं मत. वर एकच म्हटलं ती चूक झाली.) म्हणजे सुजलेल्या सांध्यांची बाई दोन-अडीच तास मुसळ घालते, दुसऱ्या दिवशी तिची बोटं फुगतात, आणि सारं गाव बोट दाखवतं ते वांग्याकडे! मुसळाकडे एकाचंही बोट जात नाही. का जाईल? वांगं बंद केलं तर नूतनचं तोंड बंद होतं. मुसळ बंद केलं तर साठ माणसांची तोंडं उघडी राहतील.

"एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा," डॉक्टरीण म्हणाली. "न करता खा. पंधरा-पंधरा दिवसांनी, तीनदा. बाकी सगळं नेहमीसारखं. आणि सकाळी मूठ कधी मिटते ते रोज लिहून ठेवा."

न करता खा! सांगायला सोपं. घरात भरीत तिनंच केलं नाही तर करणार कोण? पण जळगावात भरीत किलोनं तयार मिळतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून नूतन सरळ तशा एका दुकानात शिरली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, भरीत आणि कळण्याची भाकरी मागवली, सोबत कांद्याची पात. बाई पहिल्या घासाला रडली. तिखटानं नव्हे.

आणि नेमकं तेव्हाच जळगाव-असोदा रिक्षा चालवणारा जीवराम समोरच्या टपरीवर तंबाखू मळत उभा होता. जीवरामला बातमी पोटात ठेवता येत नाही, त्याला त्याचा इलाज नाही. नूतन बसनं घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारात धुरपदाबाई, त्यांच्या मागं भिकुबाई, आणि दोन बायका उगाचच विरजण मागायला आलेल्या.

"काय खाल्लं वं आज?" सासूनं विचारलं.

"भरीत," नूतन म्हणाली.

चोरानं चोरी इतक्या सहज कबूल केली की फौजदाराचीच पंचाईत होते. भिकुबाईंचं तोंड उघडं राहिलं. धुरपदाबाई म्हणाल्या, "सकाळी बघशीन मंग."

"बघणारच आहे," नूतन म्हणाली.

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, सगळं त्यावर. नूतन त्याच चौकोनांत रोज खूण करू लागली. झुलाल दूधवाल्याचा भोंगा पहाटे साडेसहाला वाजतो. त्याच्या आधी मूठ मिटली तर टिंब. झुलाल येऊन गेला, पण शाळेची गाडी यायची आहे, तेवढ्यात मिटली तर काडी. गाडीही निघून गेली तर फुली. खाली बारीक अक्षरात काय खाल्लं आणि काय काम केलं. लीलाधरभाऊ दोन महिने ते बघत होते आणि समजत होते की झुलाल खाडे फार करतो.

पहिल्या भरताच्या दुसऱ्या दिवशी टिंब पडलं. नूतनला वाटलं, चुकून. पंधरा दिवसांनी पुन्हा जळगाव, पुन्हा भरीत, पुन्हा टिंब. तिसऱ्यांदाही टिंब. दिवाळीच्या आठवड्यात मात्र फुल्याच फुल्या. शेव, चकल्या, करंज्या. आता त्या खाल्ल्यानं की तीन दिवस झारा धरून तळल्यानं, ते कॅलेंडरलाही सांगता येईना. चहाबरोबरचे टोस्ट आणि फरसाण बंद केल्यावर काड्या जरा कमी झाल्या, हेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. केळं खाल्लं, ताक प्याली, काही झालं नाही. अक्कांसाठी दहा किलो मिरच्या कांडल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी फुली. मिरची जिभेलासुद्धा लावली नव्हती.

ते वाचता वाचता तिचा राग असा चढत गेला की काय सांगावं. सहा वर्षं! सहा वर्षं ही माणसं तिच्या ताटात डोकावत होती. तिच्या हातात काय दिलंय ते एकानंही पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात चंपाषष्ठी झाली आणि पार्टीचा दिवस ठरला. धुळ्याहून दोन मिनीबस भरून मंडळी आली. मळ्यात विहिरीजवळ सतरंज्या पडल्या, काड्यांचा जाळ झाला, वांगी भाजली गेली. सोलायला चार बायका बसल्या. मग बडगी मांडली, आणि लीलाधरभाऊंनी सवयीनं मुसळ उचलून नूतनसमोर धरलं.

तेवढ्यात दिपमालाअक्का सतरंजीवरून ओरडल्या, "आरे, नूतनले कोणी वांगं वाढू नका! तिच्यासाठी गिलकं वेगळं काढेल शे ना?"

म्हणजे ठेचायला नूतन, आणि खायला गिलकं.

नूतननं मुसळ घेतलं नाही. पिशवीतून कॅलेंडर काढलं. घरून खिळ्यासकट उपटून आणलं होतं.

"अक्का, हे वाचा."

"काय शे हे? दुधाचं?"

"माह्या हाताचं. हे टिंब दिसलं? आदल्या दिवशी भरीत खाल्लं. हे दुसरं. हे तिसरं. तिन्ही खेपा खाल्लं, ठेचलं नही. आता ही फुली बघा. तुमच्या मिरच्या कांडल्या."

 धुळ्याच्या एका पाहुण्यानं तोंडात टाकलेला कांदा चावायचा थांबवला.

"तसं नसतं," अक्का म्हणाल्या. "ग्रुपवर येल व्हतं..."

"ग्रुपवर गोळी सोडायचं बी आल्तं," नूतन म्हणाली, आणि उजवा हात पुढं केला. ती दोन वाकलेली बोटं साऱ्यांना दिसली. "ही तुमच्या ग्रुपची. तुमच्याजवळच ठेवा म्हटलं असतं, पण निघत नहीत."

अक्कांचा चेहरा उतरला. धुरपदाबाई काही बोलायला गेल्या, तर नूतन तिकडे वळली.

"आई, मले कोणी विचारलं का कधी, काल काय केलं? काय खाल्लं, काय खाल्लं! माह्या तोंडावर पहारा बसवला तुम्ही समद्यांनी. हातावर कोणी बसवला नही. साठ जणांचं ठेचून झाल्यावर तुमी म्हणता, हिनं दोन घास खाल्ले म्हणून सुजली. त्या दोन घासांना लाज वाटत असंल माय, तुमाले नही वाटत!"

मग ती नवऱ्याकडे फिरली. मुसळ अजून त्याच्याच हातात होतं.

"ज्याले वांगं चालतं, त्यानं ठेचावं. तुमाले चालतं ना?"

साठ माणसांसमोर लीलाधरभाऊ काय बोलणार? "चालतं," ते म्हणाले.

"मंग ठेचा."

आणि ती सतरंजीवर जाऊन बसली. पंगतीत. पाहुण्यांच्या पंगतीत, मधोमध, अक्कांच्या दोन व्याह्यांच्या मध्ये. असोद्याच्या मळ्यात त्या दिवशी काय काय घडलं हे सांगताना जीवराम आजही इथं थांबतो आणि तंबाखू थुंकतो, एवढं ते मोठं.

लीलाधरभाऊंनी ठेचलं. पहिली दहा मिनिटं मर्दासारखं, पुढची दहा माणसासारखं, आणि मग कसं ते सांगायला नको. मध्येच म्हणाले, "कोणी हात लावा रे." पाहुणे आकाशाकडे बघू लागले. धुरपदाबाई शेजारी बसून दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या, "कोरडं व्हईन. कोरडं व्हईन, सांगून ठेवते." तीस किलो वांग्याला दोन तास वीस मिनिटं लागली. मंडळी भुकेनं कावली. भरीत कोरडं झालं नाही. थोडं घामट झालं असेल.

नूतननं दोनदा मागून घेतलं. अक्कांनीच वाढलं. वाढताना कांद्याची पात जास्तीची घातली.

धुळ्याची मंडळी संध्याकाळी परतली. अक्का मात्र मुक्कामाला राहिल्या. का, ते साऱ्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला घरातली सगळी माणसं काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जमली. धुरपदाबाईंना एकाएकी पाणी प्यायचं होतं. अक्कांना चहाची भांडी विसळायची होती. भिकुबाईसुद्धा विरजण घेऊन आल्या, जे कुणी मागितलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे नूतनच्या हातांवर.

नूतननं हात गरम पाण्यात बुडवले, रोजच्यासारखे. बाहेर काढले, पुसले. मग सगळ्यांसमोर धरले आणि सावकाश मिटले. डावी मूठ मिटली. उजवीची तीन बोटं मिटली. दोन बाहेरच राहिली, अर्धी वाकलेली, कायमची.

कुणी त्या दोन बोटांकडे बघेना.

गल्लीच्या टोकाला झुलालचा भोंगा वाजला. नूतननं खिळ्यावर परत टांगलेल्या कॅलेंडरात टिंब दिलं. खाली लिहिलं, भरीत दोनदा, ठेचलं नाही.

तेवढ्यात लीलाधरभाऊ आतून आले. दोन्ही तळव्यांवर फोड, बोटं लाकडासारखी ताठ. दंड वर होईना म्हणून सदऱ्याची बाही अर्धीच चढलेली. त्यांनी चहाचा कप धरायला हात पुढं केला. कप कलंडला, बशी खाली पडून फुटली.

"हात मिटूनच नही राह्यले," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "रातभर ठणकले. सुजले बी वाटतं. बघ ना वं."

नूतननं पाहिलं. आधी त्यांच्या बोटांकडे, मग ओट्यावरच्या भांड्यांकडे, मग पुन्हा बोटांकडे. भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काल काय खाल्लं व्हतं?" नूतननं विचारलं.

अक्का आधी हसल्या, मग धुरपदाबाई, अकरा दात दाखवून. लीलाधरभाऊसुद्धा हसले, पण फोडांमुळे त्यांना डोळे पुसता येईनात. नूतन हसली नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, तिला सहा वर्षं उभं केलं होतं तशीच, आणि हसू थांबलं तरी तिनं नजर काढली नाही.

शेवटी लीलाधरभाऊ खाली बघत म्हणाले, "खाल्ल्यानं नही झालं हे."

"नही ना?" नूतन म्हणाली, आणि फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करायला केरसुणी त्यांच्याकडे सरकवली. मग त्यांच्या हातांचे फोड आठवले म्हणून परत ओढून अक्कांच्या हातात दिली.